तुटक्या शेपटीची खार

दि. ५ ऑक्टोबर, रविवार

खार! डोंगरावर लपवलेल्या आमच्या डब्यातल्या वहीत खार उमटली आहे. शेपटीला मधोमध खाच आहे, म्हणजे शंकाच नको. बाबी नऊ वर्षांची असताना माझ्या दुकानातल्या टाचेच्या रबरावर तिने हा शिक्का कोरला होता. चामडे कापायची रापी निसटली, शेपटी तुटली, आणि मुलीने रडून घर डोक्यावर घेतले. "असू दे गं, अशी खार जगात दुसरी नाही," असे म्हणून हिने, तिच्या आईने, समजूत घातली होती.

खरे आहे. दुसरी नाही. म्हणजे बाबी डोंगरावर येऊन गेली. घरी आली नाही.

शिक्का मात्र हातोडी मारावी तसा मारला आहे. शाई कडेने ओघळली आहे. शिक्का अलगद टेकवावा आणि एका बाजूने उचलावा, हे मी स्वतः शिकवले होते. विसरली.

खारीखाली माझा जोड्याचा शिक्का उमटवला. या खेळाचा नियमच तसा आहे. अधिक काही लिहिले नाही.

दि. ७ ऑक्टोबर, मंगळवार

दाढी करताना न्हाव्याला सांगितले. सांगायला नको होते! वस्तरा गळ्याशी धरून म्हणतो, "मग करा की फोन! पोटच्या पोरीला फोन करायला काय मुहूर्त बघायचाय?"

त्याला काय कळणार! बाबीने मला न विचारता लग्न केले. तेही ट्रकांखाली झोपून नटबोल्ट आवळणाऱ्या माणसाशी. त्याचे तोंड मी आजवर पाहिलेले नाही. मी तेव्हा इतकेच म्हणालो होतो, "आता बोलावल्याखेरीज या घरात पाऊल ठेवायचे नाही." हिचा अंत्यविधी झाला त्या दिवशी बाबी फाटकाबाहेर उभी होती. मी बोलावले नाही. ती आत आली नाही.

माझीच मुलगी!

दि. १२ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा खार. तिच्यासमोर माझा जोडा.

दि. १९ ऑक्टोबर, रविवार

पुलापाशी, पायवाटेच्या अगदी तोंडावर, एक करड्या रंगाची गाडी लावलेली होती. माणसाने जायचे कोठून? बॉनेटवर काठी आपटली आणि स्पष्ट सांगितले, "ही पायवाट आहे, गॅरेज नव्हे!" आत कोणीतरी बसले होते. काच बंद होती. दुसऱ्याच्या गाडीत डोकावणे सभ्यपणाचे नाही, म्हणून मी पुढे निघालो.

वर चढताना एक माणूस उतरत होता. त्याने बाजूला होऊन मला वाट दिली. चेहरा पाहिला नाही. माझी नजर आधी पायांकडे जाते. उजवी टाच बाहेरच्या अंगाने पार झिजलेली. असे जोडे घालून डोंगर चढणे म्हणजे गुडघ्यांशी वैर धरणे होय. तसे त्याला सांगितलेही. "हो, बदलायचेत," एवढेच म्हणाला आणि उभाच राहिला. काहीतरी विचारायचे असावे. मी थांबलो नाही.

डब्यात खार होती. शाई ओली होती! बोटाला लागली. बाबी थोडा वेळ आधी इथे, याच दगडाशी वाकली होती. मी दोनदा हाक मारली. मग आपणच हाक मारत आहोत हे ध्यानात आले आणि वही मिटून डबा बंद केला.

दि. २६ ऑक्टोबर, रविवार

आज पहाटेच वर जाऊन डब्याजवळच्या खडकावर बसून राहिलो. दुपार झाली तरी कोणी आले नाही.

घरी आल्यावर कारण सुचले. दुसरा माणूस नजरेच्या टप्प्यात असताना डबा उघडायचा नसतो. हा आमचा पहिला नियम. मी बसलेला दिसलो असेन आणि ती खालूनच परतली असेल. नियम तिने पाळला. तो तिला शिकवणाराच आड आला.

दि. ४ नोव्हेंबर, मंगळवार

वनरक्षक दुकानात आला. वरच्या वळणाची दरड सैल झाली आहे. महिनाअखेर तो भाग बंद होणार. "आजोबा, तुमचा तो डबा काढून घ्या. आणि त्यात असतं तरी काय हो? माझी बायको म्हणते, म्हाताऱ्यानं सोनं पुरलंय."

म्हटले, सोने नाही, शिक्का आहे. त्याला सगळे नीट समजावून सांगितले. डबा लपवायचा. आत एक शिक्का आणि एक वही ठेवायची. शोधत येणाऱ्याने आपला शिक्का आपल्या वहीत नव्हे, डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डब्यातला शिक्का आपल्या वहीत घ्यायचा. नावगाव विचारायचे नाही. हा डबा हिने लपवला. आतल्या शिक्क्यावरचे नेच्याचे पान हिनेच कोरले.

"म्हणजे मोठ्यांची लपाछपीच की!" म्हणाला. पोरकट माणूस. पण चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, "डबा दुसरीकडे हलवा ना मग. खाली कुठंतरी."

दि. ५ नोव्हेंबर, बुधवार

डबा गेला की खारही गेली. मग ती कोठे शिक्का मारणार आणि मी कोठे पाहणार?

न्हावी म्हणतो, "चिठ्ठी ठेवा की डब्यात. 'ये' म्हणून. एक अक्षर! चौथी पास आहात ना तुम्ही?"

मी चौथी शिकलो आहे, आणि माझ्या लिहिण्यात कधी काना-मात्रा चुकलेली नाही. पण ते एक अक्षर लिहायला घेतले की हात थांबतो. आज तीन वेळा थांबला.

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

जेवण गेले नाही.

दि. १५ नोव्हेंबर, शनिवार

सुचले! डबा हलवला तर जुन्या जागी नव्या जागेच्या खुणा लिहून ठेवाव्यात, असा नियमच आहे. त्यात कोणी कोणाला बोलावत नाही. त्या केवळ खुणा असतात.

लिहिले ते असे:

"पुलावरून गावाकडे उतरावे. पाण्याची टाकी उजव्या हाताला ठेवावी. जोड्यांच्या दुकानामागे निळे फाटक आहे. त्याच्या डाव्या खांबातील वरून तिसरी वीट सैल आहे. डबा तिच्यामागे."

ती वीट बाबीनेच लहानपणी सैल केली होती, चिंचोके लपवायला. मी तेव्हा तिला रागावलो होतो. पण वीट बसवून घेतली नाही. का, ते सांगता येत नाही.

दि. १६ नोव्हेंबर, रविवार

आज अंधार असतानाच वर गेलो. डबा काढला, चिठ्ठी मेणकापडात गुंडाळून त्याच दगडाखाली ठेवली आणि कोणी यायच्या आत उतरलो. गुडघे बोलू लागले आहेत. हिच्या हातची जागा रिकामी करताना दगडाला हात लावून क्षणभर उभा राहिलो.

डबा आता विटेमागे आहे. चपखल बसला.

दि. २३ नोव्हेंबर, रविवार

फाटकापाशी कोणी आले नाही. दूधवाला तेवढा आला.

न्हाव्याने आज फोनचा विषय काढला नाही. पैसेही घेतले नाहीत. मला त्याचा राग आला.

दि. २९ नोव्हेंबर, शनिवार

उद्यापासून वरचा भाग बंद. चिठ्ठी तिच्या हाती लागली नसेल तर आता लागणार नाही. किंवा लागली असेल आणि यायचे नसेल. तसेही असू शकते. ती माझ्यावरच गेली आहे.

दि. ३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी वीट सरकल्याचा आवाज आला. मी ओसरीवर होतो. नियमाप्रमाणे तत्काळ आतल्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतले. डबा उघडणाऱ्याला कोणी दिसता कामा नये.

बऱ्याच वेळाने दारावर थाप पडली. उंबऱ्याबाहेर झिजल्या टाचेचे जोडे. तोच माणूस! मान वर करून पहिल्यांदा चेहरा पाहिला.

"मामा, मी तुमचा जावई. खार मीच मारत होतो. तिचं पाठीचं ऑपरेशन झालं, वर्ष होईल आता. चालता येत नाही तिला. शिक्का माझ्या हातात देते आणि पुलापाशी गाडीत बसून राहते, बाबांचा जोडा उमटलाय का ते मी येऊन सांगेपर्यंत. तुम्ही काठी आपटलीत ना बॉनेटवर? त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, आवाज तोच आहे!"

मग खाली पाहत विचारले, "चिठ्ठी वाचून म्हणते, हे बोलावणंच आहे. तरी म्हणाली, आधी विचारून ये. बोलावलंय ना, मामा?"

करडी गाडी फाटकासमोर वाट अडवून उभी होती. पायांत जोडा नसताना मी आयुष्यात उंबरा ओलांडलेला नाही. आज तसाच गेलो.