होडी उलटायचा सीन

गोरेगाव, मुंबई
३ नोव्हेंबर २०२५

ती. गुरुदासकाकांना किशोरीचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून काकू म्हणेल, हिला फोन करायला काय झालं होतं. पण तुमच्या घरचा फोन कायम आकांक्षाच्या हातात असतो, आणि हे तिला कळायला नको आहे. पोस्टातून निवृत्त झालात तरी रोज सकाळी तिथे चक्कर मारता, म्हणून हे थेट तुमच्याच हाती पडेल.

आधी बरी बातमी. आमच्या सिनेमाचं अर्धं लिहून झालं. कॉलेजातल्या पोरांचा विनोदी सिनेमा, तुम्ही आणि आकांक्षा टीव्हीसमोर बसून बघता तसला. आमचे दिग्दर्शक मंगेश सर, त्यांनी आम्हाला असले सिनेमे ढिगाने बघायला लावले. काका, काही इतके टुकार की विचारू नका. विनोद म्हणजे संडास आणि ढेकर, मास्तर सगळे बावळट, आणि हसू कमी पडलं की एखादं जाडं पोर आपटायचं. मधूनच एखादा असा निघतो की मुलीकडे कंपासपेटी मागताना मुलाचा आवाज फाटतो आणि लाज आपल्याला वाटते. हसता हसता डोळे पुसावे लागतात. मला तसला लिहायचा होता.

आता मूळ गोष्ट. आकांक्षाला बबलीचं काम मिळालं म्हणून तुम्ही सगळे खूश आहात. शूटिंग तुमच्याच मसुऱ्यात नदीकाठी आहे, तिथलीच मुलगी हवी होती, तिने पाठवलेल्या फोटोवरून तिला निवडली. पण काम एवढंच आहे की बबली होडीत पाय ठेवते, तिच्या वजनाने होडी उलटते आणि सगळं कॉलेज काठावरून हसतं. उद्या अख्खा महाराष्ट्र तिच्या अंगावर हसेल. मी भांडले, पण मी पडले असिस्टंट, माझं कोण ऐकतो. निर्मात्यांच्या मते लोक थिएटर डोक्यावर घेतील ते याच जागी.

तिला थांबवा, नाहीतर मी काय करू ते तरी सांगा. काकूला नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण पत्र टाका.

तुमची,
किशोरी

*

मसुरे
९ नोव्हेंबर

चि. किशोरीस गुरुदासकाकाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोस्टातल्या बाकावर बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिलो. घरी येऊन तुझ्या काकूला सांगितलं. तिचं म्हणणं, येऊ देत ते शूटिंगवाले, तिरफळं घालून बांगड्यांबरोबर शिजवते एकेकाला. तिला कशीबशी आवरून धरली आहे.

पोरीला थांबवू कसा, तूच सांग. तिने सगळ्या वाडीला सांगून ठेवलंय, मालवणात जाऊन केस कापून आली, दिवसभर गाणी म्हणत फिरते. जाऊ नको म्हटलं तर कारण सांगावं लागेल, आणि ते कारण तिने बापाच्या तोंडून ऐकायचं? माझी जीभ उचलत नाही गो.

पोरांचे सिनेमे मला आवडतात, ते तुला माहीत आहे. चांगल्या सिनेमाचं हसू दुसऱ्या दिवशी काजूच्या बागेत एकट्याला येतं. वाईटाचं तिथल्या तिथे संपतं आणि वर तोंड कडू होतं. जाडं पोर बाकासकट पडलं की आमची आकांक्षा सगळ्यांच्या आधी हसते. मग पाणी प्यायला उठते ती सिनेमा संपेपर्यंत परत येत नाही. माका ता दिसता, पण बोलणार काय?

इथे गावकऱ्यांनी शूटिंगवाल्यांना सांगितलंय की देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नदीकाठी कॅमेरा उभा राहणार नाही. ते लगेच तयार झाले. गाऱ्हाणं मलाच घालायचं आहे. देवाकडे काय मागावं ते अजून सुचत नाही.

तू वेळेवर जेवत जा. आमच्यावर माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
गुरुदासकाका

*

गोरेगाव
१५ नोव्हेंबर

ती. काकांना सा. न. वि. वि.

त्या सीनऐवजी दुसरा लिहून मंगेश सरांना दिला. त्यांनी न वाचता बॅगेत कोंबला. शूटिंगला मला नेत नाहीत, उत्तरार्ध पुरा करायला इथेच बसवलंय.

निर्माते मात्र स्वतः येतायत. माणूस कोल्हापूरकडचा आणि भलताच देवभोळा. फोंडाघाट उतरताना नारळ वाढवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही त्यांची. तुमचं मालवणी त्यांना ओ की ठो कळणार नाही, तेव्हा काकूने तोंडावर शिव्या घातल्या तरी हसून नमस्कार करतील. तेवढंच काकूला समाधान.

मला काही सुचत नाही काका. पोरीकडे लक्ष ठेवा, आणि मला तुमच्यातलीच समजा.

किशोरी

*

मसुरे
२३ नोव्हेंबर

चि. किशोरीस अ. उ. आ., आज नेहमीपेक्षा जास्त.

काल शूटिंग झालं. सकाळी देवळासमोर सगळे हात जोडून उभे. निर्माते डोक्याला रुमाल बांधून सगळ्यांत पुढे. मी थांबलो की व्हय म्हाराजा म्हणायचं, एवढं त्यांना कोणी तरी शिकवून ठेवलेलं.

सुरुवात नेहमीसारखी केली. बा देवा म्हाराजा, ही पोरां तुझ्या पायाकडे पिक्चर काढूक इली हत, तेंका यश दी, तेंचो कॅमेरो नदीत पडाक देव नको. व्हय म्हाराजा. तेंच्या पिक्चराक गर्दी जमांदे. व्हय म्हाराजा, आणि यात निर्मात्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. मग तुझं पत्र डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, ह्या गावचा जा पोर कॅमेऱ्यासमोर उभा रवात, ता बारीक आसांदे नायतर जाडा, तेच्या आंगार हसणारो सीन ह्या पिक्चरात येव नको. हसू आधी त्या पोराक येवंदे, मगे जगाक. वाडीतल्या माणसांना कळलं. मग जो व्हय म्हाराजा उठला तो पलीकडच्या काठापर्यंत गेला असेल. निर्माते त्यातही पुढेच.

दुपारी होडीचा सीन. होडी आपल्या लवूची, आणि ती उलटवायचीही त्यानेच. लवूने वल्हं खाली ठेवलं आणि काठावर बसला. म्हणाला की सकाळी देवापुढे शब्द गेलाय, साहेबांचा पण गेलाय, आता मी उलटवत नाही. हसायला उभी केलेली आपली पोरंही हसेनात. निर्मात्यांनी विचारलं की मी शब्द दिला तरी कसला, तेव्हा लवूने सगळं त्यांच्या मराठीत फोडून सांगितलं. साहेबांचा चेहरा लालबुंद. मला वाटलं, गेलं आता पोरीचं काम. मग रुमालाने तोंड पुसून मंगेश सरांना म्हणाले की देवाला हो म्हणून बसलोय, ते मोडायची माझी छाती नाही, दुसरं काय असेल ते काढा. सरांनी बॅगेतून तुझे कागद काढले.

किशोरी, तू तिथे हवी होतीस. तुझ्या सीनमध्ये होडी बबलीच्या बापाची. शहरातली पोरं ऐटीत उभी राहून चढली, तर आकांक्षाने एकेकाला मालवणीत झापून खाली बसवलं. गॉगलवाल्याच्या मांडीवर मासळीची टोपली दिली. वासाने त्याने नाक धरलं, तर हिने विचारलं की नाक तू धरलंस, मग टोपली तुझो बापूस धरतलो काय. हे तुझ्या कागदात नव्हतं म्हणे. आवाज टिपणारा माणूसच खो-खो हसला आणि सीन परत घ्यावा लागला. परत घेतला, तर परत तोच हसला.

नवल एकाच गोष्टीचं वाटतं. लवू सगळं सांगत होता तेव्हा पोरीकडे बघायचा मला धीर होत नव्हता. पण ती रडली नाही, दचकलीही नाही.

काकूने शिजवायचा बेत सोडून सगळ्या युनिटला जेवायला घातलं. देव तुझं भलं करो, आणि तुझा जीव आमच्यात असाच गुंतलेला राहो.

गुरुदासकाका

*

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय किशोरीताईस सा. न.

बाबांचं पत्र मी वाचलं. पाकीट चिकटवायच्या आत हा कागद आत सरकवतेय.

मला आधीपासून माहीत होतं. कपडेवाला माप घ्यायला आला होता, तेव्हा फोनवर कोणाला तरी सांगत होता की होडीतून पडणारी मुलगी मिळाली, एकदम फिट. तरी मी जाणार होते. पडण्यासाठी का होईना, मला कोणी तरी निवडलं होतं ना. लवूकाकाला गळ घालून मी नदीत पडायची प्रॅक्टिससुद्धा केली, म्हणजे निदान पडताना तरी बरी दिसेन. एका संध्याकाळी तो म्हणाला, पुरे गो बाय, आणि तोंड फिरवून बसला. त्यानंतर त्याने माझ्या प्रॅक्टिससाठी होडी काढलीच नाही.

गाऱ्हाण्याला सगळे ओरडले तेव्हा मी पण व्हय म्हाराजा म्हटलं, पण अगदी हळू. माझ्यासाठी एवढं मागणं जास्तच होतंय असं मला वाटलं.

मंगेश सरांनी मला पुढच्या शूटिंगलाही बोलावलंय, आणि बबलीचं पुढचं तू लिहिणार असं म्हणाले. तिला हवी तर पाड, मला पडता येतं आता. फक्त आधी मला वाचून दाखव. मी हसले तर ठेव.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
आकांक्षा