प्राचार्यांची प्रकृती

१२ जून १९७४, बुधवार
बायको रंगूबाईचे गुडघे कालच्यापेक्षा बरे. मुलगा नाथाजीचा खोकला तसाच, बिडी सुटत नाही. सूनबाई ठीक. म्हैस दोन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती, आज लावलं. नात अंजना ठीक, तोंड मात्र फुगलेलं. माझी प्रकृती उत्तम.
कोणतंही लिखाण प्रकृतीपासून सुरू करावं. माझा पलटणीपासूनचा नियम. तिथं अर्ध्या कंपनीची पत्रं मी लिहिली. आता गावातल्या सत्तावीस फौजी घरांची लिहितो. शाळेची पायरी चढलो नाही, पण एक तक्रार नाही.
आज अंजनाच्या फॉर्मचं काम फत्ते. पोरगी अकरावी पास. सांगलीच्या कॉलेजात वसतिगृहाला खेड्यातल्या मुलींसाठी सहाच जागा. त्यासाठी ‘मला कॉलेजात का शिकायचे आहे’ यावर एक पानी निबंध. नाथाजीने बजावलंय, जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर वाईचं स्थळ आणि दिवाळीनंतर लग्नाचा बार. अंजना म्हणे, मी लिहिते. म्हटलं, काल अकरावी झालेल्यांनी गप बसावं. दुपारी तीन फौजींच्या बायकांची पत्रं उरकली आणि त्याच बैठकीत चौथा निबंध. पाकीट अंजनाने टपालात टाकलं.
सीट पक्की.

१३ जून, सकाळी
वरच्या कोपऱ्यात शाईचा ठिपका पडला होता का? पडला असावा. पडू दे. ठिपक्यावरून माणूस जोखणारा प्राचार्य काय कामाचा.

१३ जून, दुपारी
ठिपका मोठा होता.

१४ जून
उपप्राचार्यांची प्रकृती विचारायची राहिली. प्राचार्य, त्यांची मंडळी, वसतिगृहाच्या बाई, हेडक्लार्क, शिपाई, सगळ्यांची विचारली. नेमका हाच राहिला. शिकलेली माणसं असल्या गोष्टी मनात ठेवतात. कोतं मन.
संकल्प: निबंधाचा विषय डोक्यातून बंद.

१५ जून
सयाजी मास्तर पारावर भेटला. निबंध कसा रचला ते सांगितलं. तो विचारतो, निबंधात तब्येती कशाला? तीस वर्षं खडू खाल्ला, माणुसकी कळली नाही. मग म्हणतो, बरं, शिकायचं कारण काय दिलंत?
म्हटलं, शेवटी आहे.
घरी येऊन हिशेब लावला. प्रकृती अर्धं पान. पीकपाणी पाव पान. म्हशीचं दोन ओळी. मग शेवट. कारणाला जागा कुठली? पान त्यांनीच एक ठेवलं. चूक कॉलेजची.

१७ जून, सोमवार
शालूबाई पत्राला आली. तिने सांगितलं, मी लिहिलं. शेवटी हाताने नेहमीप्रमाणे आपसूक लिहिलं, ‘सुट्टी मंजूर करून लवकर या, डोळे वाटेकडे लागले आहेत.’ ती म्हणाली, “आवं नाना, मी या म्हटलंच न्हाई. पोराच्या शाळंचं इचारा म्हटलं.” म्हटलं, नवऱ्याला बरोबर समजतं.
ती गेल्यावर ध्यानात आलं. बुधवारी हाच हात. लागोपाठ चौथं पान. निबंध कुठल्या ओळीवर थांबवला, आठवेना. अविवाहित मुलगी प्राचार्यांना लिहिते, सुट्टी काढून लवकर या.
प्राचार्य समजूतदार असेल तर आपुलकी म्हणून घेईल. पण मास्तर जात. भरवसा नाही.

१९ जून
अंजनाला आडून विचारलं, शेवट वाचलास का? म्हणाली, नाना, तुम्ही काळजी करू नका. पोरीची केवढी श्रद्धा!
उद्या सांगली. घरी सांगितलं, डोळे दाखवायला जातोय.

२० जून, गुरुवार
कराडला येष्टी बदलून सांगली. क्लार्क मिसरूड फुटलेलं पोर, म्हणे दिलेला निबंध बदलता येत नाही. माजी फौजी म्हटल्यावर नुसता बघायला दिला.
ठिपका नव्हता. अक्षरही माझं नव्हतं. अंजनाचं होतं.
उभ्यानेच वाचलं. शब्द पाठ झाले, म्हणून उतरवतो.
‘आमच्या गावात पंचवीस घरांतली माणसे फौजेत आहेत. त्यांच्या बायकांची पत्रे माझे आजोबा लिहितात. ते मनाने फार चांगले आहेत. पण बाई काहीही सांगो, पत्र एकच जाते. शालूकाकूची सासू वारली तेव्हा सगळ्यांच्या प्रकृती लिहिण्यात पान भरले आणि मुख्य गोष्ट राहिली. काकांनी उलट पत्रात आईला नमस्कार लिहिला. मला शिकून गावातल्या बायकांना स्वतःचे पत्र स्वतः लिहायला शिकवायचे आहे.’
क्लार्कने विचारलं, काय चुकलंय का?
म्हटलं, घरं पंचवीस नाहीत, सत्तावीस आहेत. तो म्हणाला, चालतंय.
चालतंय कसं? आकडा चुकीचा म्हणजे चुकीचा.
घरी सांगितलं, डोळे ठीक आहेत.

२ जुलै
जागा मिळाली. नाथाजीने वाईला नकार कळवला. पारावर सांगितलं, लिखाणाचं वळण आमच्या घरातलंच. सयाजी मास्तर हसला. त्याला दात कमी आहेत, हसू नये.
माझ्या निबंधाचं काय केलं, ते अंजनाला विचारलं नाही. सांगलीला गेलो होतो, तेही सांगितलं नाही.

१४ जुलै, रविवार
अंजनाला जाऊन आठवडा झाला. पेन भरून बसलो. रंगूबाईला म्हटलं, सांग, तू सांगशील तेच लिहितो, एक शब्द फिरवणार नाही.
ती म्हणाली, तिचं लिहून झालंय. उन्हाळाभर पोरीने तिला चुलीपुढं राखेत अक्षरं गिरवायला लावली होती. मला वाटायचं, भांडी घासतात.
तिने इनलँड पत्र पुढ्यात ठेवलं. अक्षरं ढेकळाएवढी, सगळं पान भरलेलं. मी वाचायला लागलो तर तिने वरून हात ठेवला.
“खाली दोन बोटं जागा ऱ्हायलीया. तुमास्नी काय लिवायचं ते लिवा.”
दोन बोटांत कुणाकुणाची प्रकृती बसवणार? मग लिहिलं:
‘चि. अंजना, फौजी घरे सत्तावीस आहेत. लवकर पत्र लिही.’