सुईला कोंड्याचा उतारा

३ जून, सकाळ
काल डॉक्टरीणबाईंनी दम दिला. महिन्याभरात शुगर उतरली नाही तर रोज पोटात इंजेक्शन. मी सुईला भीत नाही. चार बाळंतपणं हूं की चूं न करता काढली. सुई मला मानवत नाही, एवढंच.

दुपार
नात लॅबमध्ये धान्याच्या कोंड्यावरच काम करते. पांढरा कोट घालून भुसा निवडायचा, त्याचा पगार मिळतो. तिचं म्हणणं, आपण चाळून फेकतो त्या कोंड्यात फायबर असतं, आणखी लांबलचक नावांचं काय काय असतं, त्याने शुगरला मदत होऊ शकते. शिकलेली माणसं सरळ हो म्हणत नाहीत. मी हो धरलं.

५ जून
सुनेच्या हातून पिठाची चाळणी काढून घेतली. जन्मभर कोंडा शेजारणीच्या कोंबड्यांना घातला. एका कोंबडीला शुगर झाल्याचं ऐकलं नाही. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता.

६ जून
चमचाभर कोंडा पाण्यातून घेतला. पोतं चावल्यासारखं लागलं. अर्धा घशात, अर्धा कवळीखाली. मुलगा पेपराआड हसत होता. स्वतःचं पोट बघून हसला असेल.
उद्यापासून दुधातून.

९ जून
दुधातूनही गोडाशिवाय उतरत नाही. दोन चमचे साखर. कोंडा साखर खाऊन टाकतो, म्हणजे ती मी खाल्ली असं होत नाही.

१४ जून
बिस्किटं भाजली. कोंडा कडवट म्हणून साखर, कोरडा म्हणून लोणी, भुगा होतो म्हणून मैदा. कोंड्याचा मांडा करणारी पिढी आमची. मुलाने चार खाल्ली. औषध मागून खाणारा पेशंट कुठे बघायला मिळतो?

१९ जून
नातीने बिस्किट तोडून बघितलं. यात कोंडा कुठाय, म्हणाली. आहे की, वरून भुरभुरवलाय.
"आजी, कोंडा म्हणजे खोडरबर नव्हे. खाल्लेलं पुसत नाही तो."
कालची पोर. सून पाठ करून भांडी घासत होती. खांदे हलत होते तिचे.

२५ जून
अंग हलकं वाटतंय. जिन्यात मध्येच बसले, पण ते शेजारीण भेटली म्हणून. तिलाही कोंडा घ्यायला सांगितलं. चेहरा सुजलाय तिचा.

२ जुलै, सकाळ
आज टेस्ट. उपाशीपोटी या, म्हणाले. औषध पाण्याबरोबर घेतलं तर चालेल. दोन बिस्किटं पाण्याबरोबर घेतली.
रक्त काढताना भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. गेल्या वर्षीचं निघालं.

४ जुलै
शुगर आणखी वर. मशीन बिघडलंय, मी म्हटलं. टेस्टच्या सकाळी काय खाल्लं होतं, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं.
"औषध खाल्लं," सून म्हणाली. "दोन. लोण्यातलं."
घरभेदी.
मग त्यांनी दुसरा आकडा दाखवला. तीन महिन्यांची सरासरी म्हणे, ती एका सकाळच्या बिस्किटांनी फुगत नाही. इंजेक्शन सुरू.

५ जुलै, सकाळ
सून सुई घेऊन आली. मी ओरडले.
"अजून टोचली नाही, आई."
मग टोचली, ते कळलंसुद्धा नाही.
डॉक्टरीणबाईंचा निरोप आहे, कोंडा सोडू नका, चांगला असतो. फक्त साखर, लोणी, मैदा बंद. सुनेने वाटीत काढून समोर ठेवलाय. नुसता.
दोन सुया घेतल्या तर कोंडा माफ होतो का, फोन करून विचारायला सांगितलंय.