अल्बेनिया काही पडेना

अवसरी खुर्द,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप प्रयागवन्सं यांना मोहिनीचा पाया पडून नमस्कार.

मी इकडे बरी आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? खाली पाटावर बसणं बंद केलंत का हट्ट चालूच आहे? तुमच्या आणे गावच्या पठारावर थंडी आमच्या आधी पोचते, तेव्हा मी दिलेले पायमोजे घालत जा. कपाटात ठेवायला नाही आणले ते.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणारच. फोनवर मी तोंड उघडेपर्यंत तुमचं निम्मं बोलून झालेलं असतं. या वेळी मला मधे कुणी न बोलता शेवटपर्यंत सांगायचंय. चष्मा लावून तुमचं तुम्हीच वाचा. शेजारच्या भागूकडून वाचून घेऊ नका, नाहीतर संध्याकाळच्या आत बेल्ह्यात बातमी जाईल.

मेस चांगली चाललीय. यंदा कॉलेजची पोरं-पोरी वाढल्यात, म्हणून चपात्यांना एक बाई ठेवली. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. दुपारची जेवणं झाली की त्यातली काही जणं टेबलं पुसून तिथंच लॅपटॉप मांडून बसतात. आधी मला वाटायचं अभ्यास करतात. मग एकदा कुणीतरी ओरडलं, “फ्रान्स गेला रे!” तेव्हा कळलं की अभ्यास नाही.

तो एक लढाईचा खेळ आहे, वन्सं. पडद्यावर सगळ्या जगाचा नकाशा, हिटलरच्या वेळचा. प्रत्येकानं एकेक देश घ्यायचा. कारखाने काढायचे, सैन्य उभं करायचं, कुणाशी दोस्ती करायची, कुणाचं वैर घ्यायचं. एकेक डाव महिना-दोन महिने चालतो. जिथं थांबले तिथून पुढच्या रविवारी परत सुरू. सगळ्यांना जर्मनी नाहीतर रशिया पाहिजे असतो. लहान देश कुणाच्या तरी गळ्यात पडतात.

दसऱ्यानंतर नवीन डाव मांडला, तेव्हा अल्बेनिया ज्याच्या वाट्याला आला होता तो पोरगा बहिणीच्या लग्नाला गावी गेला. हा अल्बेनिया म्हणजे इटलीसमोर समुद्रापलीकडचा एवढासा देश, नकाशात नखाएवढा. दानियाल म्हणून जुन्नरचा एक पोरगा आहे, लई बडबड्या. इटली त्याच्याकडे. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, “काकू, तुमी बसा ना अल्बेनियावर. कायच करायचं नाय. तासाभरात मी येऊन तुमचा देश घेतो, की तुमी मोकळ्या.”

“मग मला बसवतोस कशाला?”

“रिकामा देश घ्यायला मजा नाय येत!”

सगळे हसले. मीही हसले आणि ओले हात पदराला पुसून बसले. मला माउससुद्धा नीट धरता येत नव्हता. शेजारी संस्कृती म्हणून मुलगी बसते, बल्गेरियावाली, तिनं माझं बोट धरून दाखवलं, हे सैन्य, हा रस्ता, हे डोंगर.

थोड्या वेळानं पडद्यावर पाटी आली. इटलीचा निरोप: मुकाट्यानं आमच्या ताब्यात या. खाली दोन बटणं. मान्य, अमान्य.

मी इकडेतिकडे बघितलं. म्हटलं, “आता कुणाला विचारू?”

संस्कृती म्हणाली, “कुणाला म्हणजे? देश तुमचा आहे, काकू.”

वन्सं, तुमच्या पाठचा बाळू गेल्यापासून मी उद्या भाजी कुठली करू हेसुद्धा दहा जणांना विचारून ठरवते. तुम्ही हसाल, पण त्या दोन बटणांवरून मी माउस चारदा इकडून तिकडे नेला. आणि मग मी ‘अमान्य’ दाबलं. जोरात दाबलं, लॅपटॉप हलला.

दानियाल उभाच राहिला. “काकू! अहो काकू! इथं सगळे मान्य करतात!”

“मी नाही करत,” म्हटलं. “ये.”

तो आला. किनाऱ्यावर लाल बाणच बाण. मला डावपेच कुठले माहीत, मी घाबरून होतं नव्हतं ते सगळं सैन्य समुद्रापासून लांब, वर डोंगरात नेलं. त्याला वाटलं संपलं. पण डोंगरात त्याच्या गाड्या चढेनात, शिधा पोचेना. दानियाल कपाळावर हात मारून म्हणाला, “काकू, पळालात तुमी आणि अडकलो मी!”

त्यातच पडद्यावर एक ओळ झळकली. ग्रीस अल्बेनियाच्या बाजूनं युद्धात उतरला आहे.

ग्रीस म्हणजे माझा शेजारी देश. मी मान वर करून बघितलं. टेबलाच्या पार त्या टोकाला ग्रीस शांतपणे बशीतून चहा पीत होता.

ग्रीस कोण ते सांगते. घाई करू नका.

तासाभरात जाणारा देश त्या रविवारी गेला नाही. पुढच्याही नाही. लग्नाला गेलेला पोरगा परत आला आणि म्हणाला, “काकू, माझा अल्बेनिया?” मी दिला नाही. म्हटलं, “दुसरा बघ कुठला.” सैन्याच्या तुकड्यांना आपल्याला हवी ती नावं देता येतात असं कळल्यावर मी माझ्या तुकड्यांना हडसर, चावंड, जीवधन अशी आपल्याकडच्या किल्ल्यांची नावं दिली. दानियाल रडकुंडीला आला. “हे चीटिंग आहे! आमच्या खिडकीतून किल्ला दिसतो. मी जुन्नरचा माणूस चावंडवर हल्ला कसा करू?”

“नको करू मग.”

“करावा लागतो ना, काकू!”

करायचा आणि ‘सॉरी चावंड, सॉरी’ म्हणत राहायचा. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं. तुम्ही मागे म्हणाला होतात ना, “मोहिने, तुझं हसू कुटं ठिवलंस गं?” ते इथं होतं बघा, अल्बेनियात.

ग्रीस मात्र कधी मोठ्यानं बोलायचा नाही. मला सैन्य कमी पडलं की त्याची कुमक यायची. मी काही चुकले की तेवढंच म्हणायचा, “ती खिंड उघडी राहिलीय बघा.” जेवतानाही तसंच. पोरं काहीही वाढलं तरी छान म्हणतात. ग्रीस एकटाच सांगतो, “आज आमटीत मीठ राहिलं.” आणि तीच आमटी दोनदा मागून घेतो. स्वतःचं ताट स्वतः उचलून ठेवतो. तुम्हाला वाटेल, ही ग्रीसबद्दलच फार लिहितेय. बरोबर वाटेल.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. इटलीनं सगळी ताकद लावली. माझी जीवधन तुकडी पार संपली, हडसरला वेढा पडला. मला खरंच वाईट वाटत होतं. ग्रीसनं एकदा नकाशाकडे बघितलं आणि आपलं उरलंसुरलं सगळं सैन्य उचलून माझ्या डोंगरात पाठवलं. सगळं. मागं राखणीला कुणी नाही. संस्कृती ते बघतच होती. तिचा बल्गेरिया मागच्या दारानं आत शिरला आणि चहा गार व्हायच्या आत तिनं त्याची राजधानी घेतली. ग्रीसचा रंग नकाशावरून पुसला गेला.

मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले, “अहो, हे काय केलंत! तुमचा देश गेला की!”

ते म्हणाले, “जाऊ द्या. एकट्यानं देश चालवायचा तसाही कंटाळा आलाय.”

सगळ्यांनी लॅपटॉपवरून माना वर केल्या. मग दानियालनं अशी शिट्टी मारली की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच धुतलेली पातेली परत धुतली.

त्यांचं नाव रामदास. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरांना लेथ मशीन चालवायला शिकवतात. मूळचे जुन्नरच्या पश्चिमेकडचे, भाताच्या मुलखातले. वय माझ्यापेक्षा थोडं पुढं. आई वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, तिचं सगळं यांनी केलं, त्यात लग्न राहून गेलं. ती माउली गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून माझ्याकडे जेवतात आणि रविवारी पोरांच्या डावात बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेसला कुणी नसताना ते आले. मी मेथी निवडत होते. समोरच्या बाकावर बसले आणि तेही निवडायला लागले. अर्धी जुडी संपवली. मग म्हणाले, “काल पोरांसमोर बोलून गेलो. तुम्हाला अवघड झालं असेल तर माफ करा. पण बोललो ते खोटं नव्हतं.”

मी म्हटलं, “मेथीचे देठ टाका, पानं नका टाकू.”

एवढंच सुचलं मला! ते हसले. मग मीही. आणि मग आम्ही पुष्कळ बोललो. बाळूबद्दलही बोलले मी, वन्सं. तो कसा भर पंक्तीत मला चिडवायचा, आजारपणात शेवटी शेवटी कसा बोलेनासा झाला. त्यांनी सगळं ऐकलं. कुठंही ‘जाऊ द्या आता’ म्हणाले नाहीत.

मी त्यांना हो म्हटलंय.

लिहिलं बाई एकदाचं. पुढच्या ओळी सोप्या जातील.

मी त्यांना म्हटलं, आधी वन्संना पत्र लिहिते. त्यांनी विचारलं, “विचारायला लिहिताय की सांगायला?” मी म्हटलं, “सांगायला. पण त्यांनी मायेनं हो म्हणावं असं मला फार वाटतं.” तेव्हा ते म्हणाले, “मग तसंच लिहा.” तसंच लिहिलंय.

भीती वाटते ती कशाची, तेही सांगते. गेल्या पौषात रंगदासस्वामींच्या यात्रेत आपण दोघी पंगत वाढत होतो. तुमच्या गावची नूतन, दुसरं लग्न केलेली, नवऱ्याशेजारी जेवायला बसली होती. तुम्ही तिला हात न आखडता आमटी वाढलीत. पण तिच्याशी शब्द बोलला नाहीत. तिनं मान वर करून तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही पुढच्या पानाकडे वळलात. मागून भाकरी घेऊन मी येत होते. मी ते बघितलं.

आणि बाळू गेला त्या दिवशी माझ्या बांगड्यांना हात घालणाऱ्या बायकांना अंगणाबाहेर काढणाऱ्याही तुम्हीच. “माज्या भावजयीला कुनी हात लावायचा न्हाई,” असं तुम्ही ओरडला होतात. ते शब्द माझ्या कानात अजून आहेत. यातल्या कुठल्या प्रयागवन्सं हे पत्र वाचतायत, ते मला इथं बसून कळत नाही.

काल डाव संपला. लढाईची वर्षं सरली, सगळीकडे तह झाले. माझा किनारा गेला तो गेलाच, बंदरही गेलं. पण वरचे डोंगर शेवटपर्यंत माझेच राहिले. हडसर, चावंड आणि ग्रीसची बिनदेशी माणसं, सगळी तिथं जिवंत. दानियालनं पैज लावली होती की अल्बेनिया टिकला तर तो एक दिवस मेसची सगळी भांडी घासेल. काल संध्याकाळभर इटली मोरीत बसून ताटं घासत होती आणि बाकीची पोरं तिचे फोटो काढत होती. संस्कृतीनं तिथल्या तिथं शिरा केला, थोडा करपला, पण सगळ्यांनी संपवला. रामदासनी तिला सांगितलं, “करपलाय.” आणि दोनदा घेतला.

लग्न साधंच करू, मंचरला नोंदणी करून. पण त्याच्या आधी, पौषात, यंदाच्या यात्रेला आम्ही दोघं आण्याला येणार आहोत. मी नेहमीसारखी वाढायला उभी राहीन, त्यांनाही भाकऱ्यांची पाटी द्या, लाजायचे नाहीत ते. मग शेवटच्या पंगतीला आम्ही दोघं शेजारी शेजारी बसू. माझ्या पानाशी याल तेव्हा आमटी हवी तर कमी वाढा, वन्सं. पण बोला.

उद्या नाव कुणाचंही लागलं तरी
तुमचीच भावजय,
मोहिनी