आईचं ओलं फडकं

दि. ४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या उशाशी असलेल्या आपल्या धाकट्याच्या फोटोवर पिवळे डाग पडले होते. तो स्कॅन करून आज माझ्या दुकानातल्या इंकजेट मशीनवर नवा काढला. दोन मिनिटांत! शर्टाच्या चौकड्या मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ. तू डार्करूममध्ये दिवस दिवस कोंडून घेऊन कसले दिवे लावायचास, तेही लाल!

एकच चूक झाली. जुना फोटो पुठ्ठ्यावरून सोलताना नेमका चेहऱ्यावर फाटला. आईला बोलले नाही. त्याच पुठ्ठ्यावर नवा चिकटवला. तिला कमी दिसतं, पत्ताही लागला नाही. रागावू नकोस, निदान पोस्टाने तरी.

तुझी लाडकी (हे माझं मीच ठरवलंय),
चिमणी

दि. ९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पोस्टानेच रागावतोय, समोर असतीस तर कान पिळला असता. मशीनशी माझं वैर नाही. शाई आणि कागद चांगले असतील तर तेही टिकेल. पण तुझ्या दुकानातली शाई जाहिरातींच्या पत्रकांची, ती कागदावर नुसती टेकते. माझ्या कागदाच्या अंगात चांदी होती. धाकटा गेला त्याच्या चौथ्या दिवशी, डार्करूमच्या ट्रेमध्ये, पाण्याखाली, माझ्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा त्या कागदातून वर आला. मग तासभर वाहत्या पाण्यात धुतला. म्हणून आईला म्हणालो होतो, खुशाल पूस, हा पाण्यातच जन्मलाय.

ती अजून रोज सकाळी ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसते ना, शाळेत धाडताना पुसायची तसं? चिमणे, तिला थांबव. आणि खरं सांग. कमी दिसतं म्हणून माणसाला फसवायचं, याइतका भेकड अन्याय दुसरा नाही.

रागावलेला, पण तुझाच,
दादा

दि. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच, पाच तारखेच्या सकाळी, सगळं होऊन गेलं होतं. लिहायला हात धजला नाही. मी चहा घेऊन खोलीत गेले, तर फोटोत शर्ट तसाच आणि वर चेहऱ्याच्या जागी ओला पट्टा. आई म्हणाली, मीच पुसून टाकलं गं त्याला.

मी सगळं कबूल केलं. फोटो मी बदलला, शाई कच्ची, चूक माझी. तिला पटत नाही. तिला वाटतं, मी तिची समजूत काढतेय. इतकी वर्षं घासल्यावर झिजणारच, म्हणते. ते फडकं उशीखाली ठेवलंय, धुवायला देत नाही. म्हणते, तो आता यातच आहे.

निगेटिव्ह तुझ्याकडे आहे. काहीतरी कर.

चिमणी

दि. २२ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

दोन दिवस खोके उपसल्यावर जुन्या कागदाचं शेवटचं पाकीट सापडलं. आत सहा कागद, मुदत केव्हाच उलटलेली. पाच करडे पडले. सहाव्यात नाक-डोळे आले. पांढरं असं कुठेच नाही, धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो, पण आहे. कागदावर जन्मभर भाषणं ठोकली आणि शेवटी त्या ट्रेपुढे हात जोडून उभा राहिलो.

आईला माझा निरोप सांग, हा पुसलास तरी जाणार नाही. तुझा कान माफ.

दादा

दि. २९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

फोटो पोचला. आईने अगदी डोळ्यांशी नेऊन पाहिला. तुझा निरोप दोनदा सांगितला. खात्री पटावी म्हणून तिच्यादेखत कोपऱ्यावर पाणी टाकून पुसूनही दाखवलं. तिने मान डोलावली.

आज सकाळी तिने दुसरं फडकं भिजवलं, पिळलं, फोटोपर्यंत नेलं आणि तसंच हातात धरून बसली. मग उठून ते दोरीवर वाळत घातलं. म्हणाली, राहू दे. मळलेला तर मळलेला, घरात तरी आहे.

एकदा येऊन जा. लोभ आहे तसाच राहू दे.

चिमणी