कॅसेटवरची रोझरी

मस्कत, १२ ऑक्टोबर १९९८

प्रिय आई,

रोझरीची प्रार्थना संपल्यावर मागतो तसा आशीर्वाद आधी मागते. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझ्या लेकाने, लेस्टरने, रोझरीची कॅसेट आणली हे वाचून माझं डोकंच फिरलं. पप्पा गेल्यावर ‘नमो मरिया’चा पहिला अर्धा भाग त्याने म्हणायचा, उरलेला तू. तर हा आत मॅच बघत बसतो आणि तू टेपला उत्तर देतेस? आपल्या सगळ्या गिरीज गावात माणसं माणसांबरोबर प्रार्थना करतात! त्याला म्हणावं, जरा लाज बाळग.

हे पत्र मिळालं की ती कॅसेट बंद. तुझ्या घड्याळात साडेसात वाजले की मी इथे पहिला अर्धा भाग म्हणते आणि तुझ्यासाठी थांबते. इथे आल्यापासून दोन वर्षं रोज अशीच थांबतेय. तू फक्त उत्तर दे.

तुझीच,
ब्रिजेट