घाट, नारळ आणि तुझं घड्याळ

सुश्रुत,

तुला उठवलं नाही. मी आणि बाबा घाटावरच्या देवीला निघालोय, नवसाचा नारळ आम्हीच वाढवतो. तू रोह्यातच राहा.

काल मालवणहून आल्यावर तू म्हणालास, समुद्रात सिलिंडर लावून खोल बुड्या मारल्यावर एक दिवस विमानात बसायचं नसतं आणि उंच घाटावरही जायचं नसतं. मला वाटलं, देवीला न येण्याची ही तुझी नवी सबब. तू चिडून पानावरून उठलास. पहाटे टेबलावर तुझं ते पाण्याखालचं घड्याळ पाहिलं, तर त्यात विमानाच्या चित्रावर काट अजून होतीच. मग तुमच्या मालवणच्या गाइडला फोन करून झोपेतून उठवलं. तो म्हणाला, "काकू, घड्याळ सांगतंय ते ऐका. उंचावर गेलं की अंगात मुरलेल्या हवेचे बुडबुडे होतात. आज त्याला वर नेऊ नका."

तू सुखरूप परत यावास म्हणून बोललेल्या नवसापायीच मी तुला आजारी पाडलं असतं. वेळेवर कळलं म्हणून हायसं वाटलं.

वर्षातून दोनदा बुडी मारणाऱ्याला कशाला हवं घड्याळ, गाइडच्या हातात असतंच की, असं मीच म्हणायचे. पण गाइड मालवणातच राहिला. घरी तुझ्यासोबत घड्याळच आलं.

घावनांचं पीठ फ्रिजमध्ये आहे, चटणी झाकून ठेवलीय. ती काट गेली की मला फोन कर. तोवर माडीवरसुद्धा चढू नकोस.

आई